पावसाळ्यानंतर जाम झालेलं चाक

[दृश्य : सातारा. घराच्या बोळात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी.]

पाऊस उघडला की साताऱ्याच्या गॅरेजांमध्ये ही तक्रार ठरलेली. "मेस्त्री, गाडी चालू होतीय, पण जागची हलंना." महाबळेश्वरकडं तर विचारूच नका. वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं. हँडब्रेक ओढून जूनपासून उभी असलेली गाडी ऑक्टोबरात सुखासुखी निघाली तर नवल.

मग मालक काय करतो? जोरात रेस करतो आणि क्लच सोडतो. क्लचप्लेटचा वास सुटतो, चाक जिथल्या तिथं.

[दृश्य : उघडलेला मागचा ड्रम, जवळून.]

हा तांबूस थर बघा. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा, बिडाचा असतो. ओल लागली की लगेच गंजतो. हँडब्रेक ओढलेला असल्यानं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर, ड्रमला दाबून बसलेलं असतं, ते त्या गंजातच चिकटतं. हँडब्रेक सोडून, पहिला गियर आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकत गाडी हलकेच झुलवली, तर बऱ्याचदा सुटतं. नाहीच सुटलं तर पुढच्या चाकांना दगड लावून मागचं चाक काढायचं आणि ड्रमला कडेनं, फिरवत फिरवत हातोडीनं ठोकायचं. आत तेल मारायचा मोह आवरा. लायनर तेलकट झालं की ब्रेक लागायचाच नाही.

हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली असेल, तर दांडी खाली जाते पण ब्रेक सुटत नाही. तिथं ठोकाठोकीचा उपयोग नाही, केबल बदला.

[दृश्य : जॅकवर चढवलेलं पुढचं चाक.]

चालता चालता धरणारा ब्रेक ही वेगळी गोष्ट. गाडी एका बाजूला ओढते, अॅव्हरेज पडतं, एकच रिम बाकीच्यांपेक्षा तापते. हात जवळ नेला तरी कळतं, चटका घ्यायची गरज नाही.

इथं चांगला मेस्त्री पार्ट बदलायची घाई करत नाही. तो कॅलिपरचा, म्हणजे पुढच्या चाकाची डिस्क दोन्हीकडून दाबणाऱ्या भागाचा, निपल (ऑइल बाहेर सोडायचं बारीक तोंड) किंचित सैल करतो. थोडं ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, म्हणजे दाब आत कोंडला होता. मग संशय रबरी होजवर, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या नळीवर. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून फुगतो. पाय दाबला की ऑइल पुढं जातं, पाय काढला तरी परत येत नाही. होजच्या वरचा, लोखंडी पाइपाचा सांधा सैल केल्यावर चाक सुटत असेल, तर होज निर्दोष. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप, तपासा. आणि निपल उघडूनही चाक फिरत नसेल, तर डिस्कवर दाब देणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना गंजल्यात. पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबर फुगवतं.

[दृश्य : पसरणी घाट, वाईकडं उतरणारा रस्ता.]

घाटात हे दुखणं जिवावर बेततं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. धरलेला ब्रेक तापला, ऑइलची वाफ झाली, की पायाखालचा पेडल थेट तळाला जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि उतारावर गाडी गियरमध्येच ठेवायची.

पुढच्या जूनमध्ये गाडी सपाट जागी लावा, पहिल्या गियरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. हँडब्रेक सोडलेलाच राहू द्या.