बंदरात उभी असलेली बोट

नमस्कार, श्रोतेहो.

आम्ही शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो वादळाचा. लाटा किती उंच होत्या, रात्री भीती वाटते का, कधी बुडायची वेळ आली होती का? बंदरात बांधलेल्या बोटीवरचे दिवस कसे जातात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिथे म्हणजे नुसता आराम, असंच सगळ्यांना वाटतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण बोटीच्या जिवावर उठणाऱ्या किती तरी गोष्टी मला बंदरात सापडल्या, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आवाज न करता चालू होती. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

एका सकाळपासून सुरुवात करते. तीन महिने बोट एकाच धक्क्याला बांधलेली होती. भांडी घासून झाली आणि सिंकखालची झडप बंद करायला मी हात घातला. या झडपेला सीकॉक म्हणतात. बोटीच्या बुडाला जिथे जिथे भोक असतं, म्हणजे सिंकचं पाणी बाहेर जायला, इंजिन थंड ठेवणारं पाणी आत यायला, संडासासाठी, तिथे तिथे एक सीकॉक असतो. समुद्र आणि आपलं घर यांच्यामध्ये तेवढाच एक दरवाजा. मी दांडी फिरवली आणि ती माझ्या हातात आली. तुटलेल्या जागी पितळ पिवळं नव्हतं, गुलाबी दिसत होतं.

गुलाबी पितळ म्हणजे काय ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गोदीतल्या एका वयस्कर कारागिराला तो तुकडा दाखवला. त्यांनी तो नखाने खरवडला आणि म्हणाले, "ताई, यातलं जस्त निघून गेलंय. उरलंय ते नुसतं सच्छिद्र तांबं. याला आता हात लावू नका. आधी लाकडाची खुंटी आणून शेजारी बांधून ठेवा." पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू विरघळून जातं. वस्तूचा आकार तसाच राहतो, जाडी तशीच दिसते, आणि जोर दिला की ती बिस्किटासारखी तुटते. म्हणून पाण्याखाली पितळ वापरू नये. तिथे कासं लागतं, तांबं आणि कथील यांचं, किंवा त्याच कामासाठी बनवलेलं खास प्लास्टिक. आमची बोट आधी ज्यांच्याकडे होती त्यांनी कधी तरी झडप बदलताना साधी नळाची पितळी झडप बसवली असावी. दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

त्या लाकडी खुंटीबद्दल दोन शब्द. मऊ लाकडाची, एका टोकाला निमुळती अशी ही खुंटी प्रत्येक सीकॉकशेजारी दोरीने बांधलेली असायला हवी. झडप गेली तर ती भोकात ठोकायची. पाण्यात फुगून ती घट्ट बसते. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. लहान बोटीवरचा एखादा पंप त्याला पुरा पडेल या भरवशावर राहू नये. त्या वेळी कपाटात खुंटी शोधत बसायला सवड नसते.

आता हे जस्त गेलं कुठे आणि का, त्याकडे वळते, कारण बंदरातल्या झिजेचं मूळ तिथे आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात ठेवून तारेने जोडले की विजेचा घट तयार होतो. त्यातला एक धातू खर्ची पडतो. ही गोष्ट जहाजांच्या कामी कशी आणता येईल, हे हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये दाखवलं. त्या काळी लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत, म्हणजे लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले लांब राहत. पण समुद्रात तांबंच झिजून जाई. डेव्हींनी त्या तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडले. तांब्याऐवजी ते तुकडे झिजू लागले आणि तांबं शाबूत राहिलं. पण मग त्या शाबूत तांब्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढू लागला. थोडं थोडं विरघळणारं तांबंच विषासारखं काम करून त्यांना दूर ठेवत होतं. ते विरघळायचं थांबलं आणि राखणही थांबली. ही हकिकत मला फार आवडते, कारण बोटीवरच्या दुरुस्तीचा स्वभाव तिच्यात पुरा उतरला आहे. आजही बुडाला लावतात त्या रंगात बहुतेक वेळा तांब्याचं संयुग असतं, आणि बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, दांड्यावर जस्ताचा गोळा असतो. दोन्ही झिजण्यासाठीच लावलेले असतात. जस्त अर्धं संपलं की बदलायचं, आणि त्यावर चुकूनही रंग लावायचा नाही. रंगाखाली झाकलेलं जस्त निकामी होतं.

बंदरात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती धक्क्यावरची वीज. तारेने बोट धक्क्याच्या विजेला जोडली की अर्थिंगच्या तारेतून आपल्या बोटीचा धातू शेजारच्या सगळ्या बोटींच्या धातूला जोडला जातो. मध्ये खारं पाणी आहेच. म्हणजे सगळं बंदर मिळून एक मोठा घट. शेजाऱ्याचं जस्त संपलेलं असेल तर आपलं जस्त त्याच्या बोटीसाठी झिजत राहतं, आणि तेही संपलं की आपल्या इतर धातूंवर पाळी येते. अर्थिंग काढून टाकणं हा यावर उपाय नाही, त्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं एक छोटं उपकरण त्या तारेत बसवतात. धातू खाणारा अगदी कमी दाबाचा प्रवाह ते अडवतं, आणि विजेचा बिघाड झाला तर मोठ्या प्रवाहाला वाट मोकळी ठेवतं. आणि जिथे बोटी विजेला जोडलेल्या आहेत तिथे बूड घासायला पाण्यात उतरू नका. गोड्या पाण्याच्या बंदरात तर मुळीच नको. एखाद्या बोटीतून वीज पाण्यात झिरपत असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. पोहणाऱ्याचे हातपाय आखडतात आणि तो गप्पकन खाली जातो.

थांबलेल्या बोटीतल्या बाकीच्या गोष्टी याच चालीच्या. इंजिनात समुद्राचं पाणी ओढणारं रबरी पात्यांचं चाक असतं, इम्पेलर. इंजिन महिनोन्‌महिने बंद राहिलं की दाबून बसलेली पाती तशीच वाकडी राहतात, चिरतात, आणि निघायच्या दिवशी तुटतात. तुटलेला तुकडा मोजून शोधावा लागतो, कारण तो पुढच्या नळीत जाऊन अडकलेला असतो. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर आतल्या हवेचं दव टाकीत उतरतं, आणि त्या पाण्यात जंतूंची काळी साय धरते. न फिरवलेले सीकॉक आवळून बसतात. म्हणून आमच्याकडे आता आठवड्याचा एक दिवस ठरलेला आहे. त्या दिवशी बोटीतली प्रत्येक झडप उघडायची आणि मिटायची, प्रत्येक कप्पी फिरवायची, इंजिन भार देऊन चालवायचं, विजेच्या जाड तारेचा प्लग हाताने चाचपून पाहायचा. प्लग गरम लागला तर जोड ढिला आहे, आणि ढिल्या जोडातून आग लागते.

आणि हे सगळं घरातच करायचं असतं. इंजिन उघडायचं तर जिना उचलावा लागतो, मग वर ये-जा बंद. टाकीपर्यंत पोचायचं तर अंथरूण गुंडाळायचं. जेवायचं टेबल तेच कारखान्याचं टेबल. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने पिण्याच्या पाण्याचा पंप आणि संडास एकाच दिवशी खोलले. एक वायसर मिळेना म्हणून चार दिवस दोन्ही उघडेच राहिले. त्यानंतर नियम केला, एका वेळी एकच काम खोलायचं, आणि अंधार पडायच्या आत मिटवता येईल एवढंच. कामांचा क्रमही पक्का आहे. पाणी आत येऊ शकेल असं काहीही आधी. मग आग लागू शकेल असं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तो खिडकीतून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून राहतो. म्हणून त्याची नळी आणि जोड साबणाच्या पाण्याने तपासणं हे रंगरंगोटीच्या कितीतरी आधीचं काम. त्यानंतर डोलकाठी आणि सुकाणू. चकचकीत लाकूड आणि पडदे सगळ्यांत शेवटी. वार्निश करायला मलाही आवडतं, पण तळाशी पाणी दिसत असताना वार्निशचा ब्रश हातात घेतला तर मन लागत नाही.

तळातलं पाणी हा तर वेगळाच विषय आहे. ते दिसलं की पहिली परीक्षा जिभेची. वर तेलाचा तवंग नसेल तर बोटावर एक थेंब घेऊन चाखायचा. खारट असेल तर समुद्र आत येतोय, आणि हातातलं काम टाकून शोध घ्यायचा. गोडं असेल तर टाकी गळते आहे, नाही तर पाऊस आत येतोय. पावसाची गळती शोधताना भल्याभल्यांचा कस लागतो. माझ्या उशाशी पाणी टपकत होतं. वर पाहिलं तर तिथे ना खिळा ना खिडकी. आतल्या अस्तराची एकेक पट्टी काढत, खडूची पूड पसरून ओघळ कुठून येतो ते बघत बघत चार हात पुढे गेले, तेव्हा कठड्याच्या एका खांबाच्या बोल्टशी पोचले. डेकच्या आत हलक्या बाल्सा लाकडाचा थर होता, आणि बोल्टभोवतीचं ते लाकूड ओल्या पावासारखं झालं होतं. कुजलेलं खरवडून काढलं, वाळू दिलं, भोक मोठं करून इपॉक्सी या सुकून कडक होणाऱ्या चिकट रसायनाने भरलं, आणि त्या घट्ट झालेल्या गोळ्यात पुन्हा बोल्टपुरतं भोक पाडलं. आता सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लेप, कधी हरला तरी पाण्याला लाकूड सापडणार नाही. बाहेरून नुसता सीलंट चोपडण्यापेक्षा याला आठ दिवस जास्त लागले. ते द्यायलाच हवे होते, असं मला अजूनही वाटतं.

डोलकाठी ताणून उभी धरणाऱ्या तारांबद्दल एवढंच सांगते. त्या तपासायला सुती फडकं घ्या आणि हलक्या हाताने तारेवरून फिरवा. तुटलेला धागा फडक्याला अडकतो. बहुतेक बोटींवर या तारा 19 धाग्यांच्या असतात. त्यातला एक जरी तुटला असला तरी ती तार बदलायची. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही हा समज खोटा आहे. त्याच्या पृष्ठभागावरचं संरक्षक कवच टिकायला हवा लागते. तारेचं टोक जिथे आवळून बंद केलेलं असतं तिथे हवा पोचत नाही, खारं पाणी मात्र पोचतं. तार तुटते ती तिथेच, आतून.

आमचा तो सीकॉक पुढे सहा आठवड्यांनी बदलता आला, कारण त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते. तोवर रोज सकाळी उठल्या उठल्या मी सिंकखाली टॉर्च मारून बघत असे. बाहेर काढल्यावर एक नाही, पाचही झडपा बदलल्या, सगळ्या काशाच्या. मग बोट पुन्हा पाण्यात सोडायचा दिवस आला. क्रेनच्या दोन पट्ट्यांवर ती खाली उतरली, तरंगू लागली, आणि तिथेच आम्ही थांबायला सांगितलं. पट्टे अजून सोडायचे नव्हते. मी टॉर्च आणि कोरड्या कागदाचे तुकडे घेऊन खाली गेले. एकेका झडपेच्या बुडाशी कागद टेकवला आणि मोजत थांबले. सिंकखालचा कोरडा. इंजिनाचा कोरडा. संडासाचे दोन कोरडे. शेवटचा, नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, अंधाऱ्या कप्प्यातला, तिथे पालथं पडूनच हात पोचतो. तो कागद बाहेर काढून गालाला लावून पाहिला. कोरडा होता. मग वर येऊन क्रेनवाल्याला हात केला, "सोडा."

नमस्कार.