केसर म्हणजे नक्की कुठलं?

नमस्कार मंडळी! दारात जास्वंद असेल तर एक फूल तोडून आणा बरं, देवासाठी काढून ठेवलेलं नको, घरात ओरडा बसेल. पाकळ्यांच्या मधनं जी लांब दांडी बाहेर आलीये ना, तिच्यावर बारीक बारीक केस दिसतायत बघा, टोकाला पिवळी पूड, बोट लावलं की लागते. ते पुंकेसर. आणि दांडीच्या पार शेंड्याला पाच लाल मखमली ठिपके, ती कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक.

हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलं, पण याला 'केसर' का म्हणायचं ते आम्हाला तरी कोणी सांगितलं नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं की श्रीखंडातल्या केशराचा आणि या विज्ञानाच्या पुस्तकातल्या केसराचा काही संबंधच नसणार. तर संस्कृतात केसर म्हणजे केस, आयाळ. आयाळ असते म्हणून सिंह केसरी. १८८१ साली टिळक-आगरकर मंडळींनी पेपर काढला त्याचं नाव सिंहावरनं, रंगावरनं नाही, रंग तो केशरी. मग फुलातले केसांसारखे तंतू पण केसरच झाले. बकुळीच्या झाडालाही संस्कृतात केसर म्हणतात. स आणि श दोन्ही जुनेच, आपण मराठीत साधारण वाटणी करून टाकली, डबीतलं ते केशर आणि पुस्तकातलं ते केसर.

आता गंमत ऐका. केशराचं फूल जांभळं असतं, काश्मीरला पांपोरच्या शेतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं. आत तीन पिवळे पुंकेसर आणि कुक्षीचे तीन लालभडक तंतू. आपण दुधात टाकतो ते हे लाल, म्हणजे स्त्रीकेसराचा भाग, पिवळ्या पुंकेसरांना बाजारात काडीची किंमत नाही, ते फक्त भेसळीला कामाला येतात. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात आणि तंतू हाताने खुडायचे, मग भाव का नाही चढणार?

मी एकदा ट्रिपला गेलो असताना रस्त्यावर स्वस्तात डबी घेतली, खूश एकदम! घरी येऊन चिमूटभर दुधात टाकली तर मिनिटभरात दूध लाल आणि काड्या फिक्या. रंगवलेल्या करडईच्या पाकळ्या निघाल्या हो, आणि करडई तर आमच्या मराठवाड्यात शेतंच्या शेतं! खरं केशर घाई करत नाही, रंग हळूहळू सोनेरी पिवळा उतरतो आणि काडी बराच वेळ लालच राहते, तिचं एक टोक बघा, तुतारीसारखं पसरट असतं. तीच ती कुक्षी, जास्वंदीत ठिपक्यासारखी दिसली ती.

बरं, फूल नाकाशी नेलं असेल तर ती पिवळी पूड पुसून टाका, उगाच शिंका येतील.