हरभऱ्याची गाठ आणि मातीतले संधिसाधू

नमस्कार श्रोतेहो. हरभरा फुलावर येऊ लागला की एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, उपटलं की निम्म्या गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी दिसलं, तर तिथे हवेतला नत्र पकडण्याचं काम चालू आहे. पांढरीफटक असेल, तर गाठीत राहणारा जिवाणू भाडेकरू आहे पण भाडं देत नाही.

हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतल्या प्रथिनाचा. नत्र पकडणारं जिवाणूचं विकर (एन्झाइम), म्हणजे नायट्रोजिनेज, प्राणवायूचा स्पर्श झाला की बिघडतं, आणि जिवाणूला श्वासासाठी तर तो हवाच. म्हणून हे प्रथिन प्राणवायू मोजूनमापून आत सोडतं.

हरभऱ्याच्या गाठीतल्या जिवाणूचं कूळ मेसोरायझोबियम. या कुळातल्या एका जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच जपानच्या काझुसा संस्थेने २००० साली वाचून काढला. डीएनएच्या सुमारे ७६ लाख अक्षरांची पोथी, आणि वर्णमाला अवघी चार अक्षरांची!

पण माझं मन रमतं ते या पोथीतल्या एका सुट्या प्रकरणात. न्यूझीलंडमध्ये ओटागो भागात लोटस नावाचं चाऱ्याचं द्विदल पेरलं होतं, बियाण्याला एकाच वाणाचा जिवाणू चोळून. त्या मातीत लोटसला गाठी आणणारा जिवाणू आधी नव्हता. सात वर्षांनी गाठी तपासल्या, तर आत वेगवेगळे जिवाणू! सलिव्हन आणि रॉन्सन या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये उलगडा केला. बियाण्याला चोळलेल्या जिवाणूने गाठी करण्याची आणि नत्र पकडण्याची जनुकं शेजारच्या मातीतल्या जिवाणूंना देऊन टाकली होती. सुमारे पाच लाख अक्षरांचा तो तुकडा एका जिवाणूतून सुटून दुसऱ्यात जाऊन बसतो. त्याला नाव मिळालं ‘सहजीवनाचं बेट’. आई-बापाकडून नव्हे, चक्क शेजाऱ्याकडून मिळालेला वारसा!

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. थांबा. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला हे चाऱ्याचं पीक नेलं, तेव्हा त्याच्यासोबत मेसोरायझोबियम सिसेरी हा जिवाणू दिला. आपल्या हरभऱ्याचा जिवाणूही याच जातीत मोडतो. काही वर्षांतच तिथल्या मूळच्या जिवाणूंनी बेट उचललं आणि गाठीत घुसले. गाठी झाल्या, नत्र मात्र फारच थोडा. त्यातल्या एका जिवाणूचं २००९ साली रीतसर बारसं झालं, ‘मेसोरायझोबियम ऑपॉर्च्युनिस्टम’. म्हणजे संधिसाधू! शास्त्रज्ञांनाही कधी कधी राग येतो म्हणायचा.

बेट हाती आलं म्हणून काम जमतंच असं नाही. बाकीच्या जनुकसंचाशी आणि त्या पिकाशी त्याचं जुळावं लागतं. कुठल्या जिवाणूचं जुळतं, कुठे बिनसतं, हे कळायला त्यांच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

तोवर आपल्या हातात नख आहेच. गाठी नुसत्या मोजू नका, पाच-सहा झाडांच्या फोडून पाहा. आत कुठला रंग दिसला आणि पेरताना बियाण्याला पाकिटातलं कुठलं जिवाणू संवर्धक लावलं होतं, सोयाबीनचं की हरभऱ्याचं, तेवढं पत्राने कळवा. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. उरलेलं आहे म्हणून तेच लावणारे आपल्यात कमी नाहीत.