मावशी बसल्या होत्या की झोपलेल्या?

[सकाळ. बोळातून पुढं सरकणारं दृश्य. यंत्रमागांचा आवाज.]

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळ यंत्रमागांच्या खडखडाटानं होते. कुठं टॉवेल, कुठं चादर. उंबऱ्यात बसलेल्या बायांच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आणि बोटं विड्या वळत असतात. घरात तेलुगू, पलीकडच्या गल्लीत कन्नड, दुकानात मराठी. आपण निघालोय त्या छोट्या दवाखान्यात या तिन्ही भाषा एकाच बाकावर नंबर लावून बसतात.

[सिस्टर दंडाला पट्टा बांधताहेत.]

"मावशी, हात सैल सोडा. जरा बोलू नका."

१५२, ९४. केस पेपरवर हे दोन आकडे लिहायला सिस्टरना दोन सेकंद पुरतात. संगणकावरही तेवढाच वेळ लागायला हवा. आजची गोष्ट त्या पडद्याची, आणि तो बनतो कसा याची.

रक्तदाब म्हणजे दोन आकडे, असं आपण धरून चालतो. रुग्णांच्या नोंदी संगणकावर कशा ठेवायच्या, याचं ओपनईएचआर नावाचं एक खुलं मानक आहे. भारत सरकारच्या २०१६च्या आरोग्य-नोंदींच्या मानकांतही त्याचा समावेश आहे. त्यात डॉक्टर आणि संगणकतज्ज्ञ मिळून एकेका नोंदीचा नमुना ठरवतात. त्याला म्हणतात आर्किटाइप. रक्तदाबाचा आर्किटाइप उघडला की यादी वाढतच जाते. वरचा आकडा, खालचा आकडा. रुग्ण उभा होता, बसलेला की झोपलेला? पट्टा केवढा होता? कुठल्या दंडावर बांधला? यातलं काहीही उगाच नाही. जाड दंडावर लहान पट्टा बांधला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि बाईला नको ती गोळी सुरू होऊ शकते. खेड्यातल्या उपकेंद्रापासून अतिदक्षता विभागापर्यंत ज्याला जे लागेल ते सगळं या यादीत मावावं, असा तिचा हेतूच आहे.

हा नमुना यंत्राला वाचता येतो. त्यामुळं पडद्याचा कच्चा आराखडा संगणक आपोआप काढून देतो. मोजमाप असेल तिथं आकड्याचा चौकोन, शेजारी एकक. ठरलेले पर्याय असतील तिथं बटणं. तारखेला कॅलेंडर. वरचा आकडा १०००च्या आतच हवा, हेही नमुन्यातच लिहिलेलं असतं. घाईत १५२चं १५२० झालं, तर पडदा तिथंच थांबवतो.

[पडदा. खाली सरकत जाणारा लांबलचक फॉर्म. बाहेर रांग.]

आणि बरेच जण इथंच थांबतात. नमुना जसाच्या तसा पडद्यावर ओततात. बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली, आणि सिस्टर रकाने शोधत खाली सरकताहेत. त्यातला एखादा रकाना सक्तीचा केलेला असला, तर आणखी वाईट. पट्टा फाटलाय, मोजताच आलं नाही, पण पडदा पुढं जाऊ देत नाही. मग १२०/८० टाकून मोकळं व्हायचं. हा आकडा पुढं कुणीतरी खरा मानून वाचणार आहे. खरं तर ओपनईएचआरमध्ये किंमत का नाही, हेही नोंदवायची सोय आहे: माहीत नाही, लागू नाही. ते बटण पडद्यावर द्यायचं राहून जातं, एवढंच.

म्हणून आधी टेम्पलेट. आर्किटाइपमधलं इथं नको ते गाळायचं, पण आपल्या मनानं नवं काही घालायचं नाही. त्यानंतरचं काम मात्र दवाखान्यात बसूनच होतं. पट्टा बांधता बांधता सिस्टर विचारतात, "सकाळची गोळी घेतली का?" नमुन्यांच्या जगात गोळी आणि रक्तदाब वेगवेगळ्या घरांत राहतात. पडद्यावर त्यांना शेजारी आणावं लागतं, कारण सिस्टरच्या तोंडी ते शेजारी आहेत. बहुतेक रुग्ण बसलेलेच असतात. म्हणून 'बसून' आधीच निवडलेलं, आणि 'झोपून' एका बोटाच्या अंतरावर.

भाषेचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. वरच्या आकड्याला नमुन्यात एक सांकेतिक खूण आहे: एटी०००४. साठवली जाते ती खूण. तिच्यापुढचं नाव मराठीत दाखवा, तेलुगूत दाखवा, कन्नडमध्ये दाखवा. नोंद एकच राहते. भाषांतरं नमुन्यातच ठेवायची जागा आहे. आपल्या भाषांतली ही नावं कुणीतरी बसून, बाकावरच्या बायांना विचारून लिहायला हवीत. वरच्या आकड्याचं इंग्रजी नाव 'सिस्टोलिक' नुसतं देवनागरीत लिहून भागत नाही.

[सिस्टर पडदा मावशींकडं वळवतात.]

"मागल्या खेपेला किती होतं ओ?"

पडद्यावर पाच ठिपक्यांची रेघ. चौथा ठिपका खाली, आणि तो पोकळ.

"हा कमी दिसतोय, पण त्याच्यावर जाऊ नका. चक्कर आली होती ना तुम्हाला? कॉटवर झोपवून मोजलं होतं."

मावशी पोकळ ठिपक्यावर बोट ठेवतात, आणि शेजारच्या बाईला तेलुगूत सांगू लागतात.