सुईवर एकच टाका

मंडळी, आयोजकांनी पत्रिकेवर 'फावल्या वेळातलं क्रोशाकाम' असं छापलंय. तेव्हा आधी हे सांगा, इथे फावला वेळ कुणाकुणाला असतो? हात वर करा. बघा, एकच हात वर आलाय आणि तोही एका आजोबांचा!

क्रोशाला फावला वेळ लागतच नाही. त्याला चालतो तुकड्या-तुकड्यांचा वेळ. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतचा, क्लासच्या फाटकाबाहेर मुलांची वाट बघतानाचा, लोकलमध्ये बसायला मिळालंच तर तेवढा. याचं कारण क्रोशाच्या घडणीतच आहे. दोन सुयांवर स्वेटर विणताना पन्नास-साठ टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. सुई निसटली की ते भराभर सुटतात. क्रोशात मागचा टाका पुरा झाल्याशिवाय पुढचा सुरूच होत नाही, त्यामुळे सुईवर एका वेळी उघडा असतो तो एकच. दारावरची बेल वाजली, दूध उतू जायला लागलं, तर तो फास जरा लांब ओढायचा, सुई काढायची आणि उठायचं. घरात रांगतं मूल असेल तर त्या फासात सेफ्टी पिन अडकवून उठा. नाहीतर बाळराजे एका ओढीत अख्खी संध्याकाळ उसवून ठेवतील.

क्रोशा तसा आपल्या घरांतून कधी गेलाच नव्हता. टीव्हीवरचा रुमाल, सोफ्याच्या पाठीवरचे रुमाल, रुखवतातली तोरणं, ताटाभोवतीची महिरप. ताकाच्या गंजावर घालायची ती गोल जाळी आठवते? तिच्या काठाला मणी ओवलेले असत. दिसायला सुंदर, पण त्यांचं खरं काम वजनाचं, पंख्याच्या वाऱ्यानं जाळी उडू नये म्हणून. हे सगळं बहुतेक पांढऱ्या नाहीतर मोतिया दोऱ्यात व्हायचं. धुवायचं, खळ घालायची, पाटावर ताणून वाळवायचं. आता एवढं कोण करतं? रंगीत वस्तू नांदत्या घराला सोसतात. चहाचा डाग पडला तरी त्या चारचौघांत खपून जातात.

रंगांबद्दल माझं मत जरा कडक आहे. राणी, पोपटी आणि पिवळा शेजारी-शेजारी आले की डोळे दिपतात. प्रत्येक दोन भडक रंगांनंतर एक शांत रंग घ्या, मातकट, करडा किंवा दुधी. उरलेल्या लोकरीचे चौकोन जोडून रजई करतात ना, त्यात शेवटची ओळ सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची द्यायची. मग आतला गोंधळ खपून जातो. त्या चौकोनाचा नमुना 1885 साली अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात छापून आला होता. उरलंसुरलं वापरण्याचं वेड आपल्या आज्यांपुरतं नव्हतं, एवढंच म्हणते.

आता थोडं गणित. पेल्याखाली ठेवायची चकती करायची तर पहिल्या फेरीत 12 खांब, म्हणजे उभे लांब टाके, दुसरीत 24, तिसरीत 36. दर फेरीला 12 वाढले की चकती सपाट बसते. कमी वाढवले तर तिची वाटी होते, जास्त वाढवले तर काठाला झालर पडते. दायना तैमिना या गणिताच्या प्राध्यापक. त्यांनी 1997 मध्ये मुद्दाम टाके वाढवत नेऊन अशीच झालर विणली आणि कागदावर दाखवायला अवघड असलेली भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. आपल्या फसलेल्या रुमालाला असे चांगले दिवस येत नाहीत, हे खरं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. आपल्या नाशिककडून निघालेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या भागात आंध्रमधलं नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथल्या बायकांना ही कला शिकवली. तिथली क्रोशाची लेस परदेशी जाते, 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या जर्मन अभ्यासक सत्तरच्या दशकात तिथे गेल्या. घरकाम उरकून दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या बायकांना सगळे 'घरी बसलेल्या गृहिणी'च समजतात आणि म्हणून मजुरी तुटपुंजी देतात, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? "तुला येतंच तर पाच ताटांच्या महिरपी करून दे की केळवणाला!" असं म्हणणारी मंडळी दोऱ्याचे पैसे तेवढे विचारतात. पुढच्या वेळी वेळेचेही सांगा. माझ्याकडे आता दरपत्रक असतं, आणि त्यामुळे एक-दोन नाती किंचित सैल झाली आहेत.

शिकायचं असेल तर सुरुवात गरम भांडं धरायच्या चौकोनानं करा. पण तो सुती दोऱ्याचाच हवा. ॲक्रिलिकची लोकर गरम तव्याला लागली की वितळून चिकटते. ती उशीच्या अभ्र्यांना आणि रजयांना ठेवा. दोरा जरा जाड घ्या, सुई चार मिलिमीटरची. बारीक दोऱ्यावर शिकायला गेलात तर टाकाच दिसत नाही. आधी साखळी, मग मुका खांब, म्हणजे आखूड टाका, त्यानंतर पूर्ण खांब. बाकीची बरीचशी वीण याच तिघांची उलटापालट असते.

सुया आणि सूत मागच्या टेबलावर मांडलंय, चहा झाला की बसू. डावखुरं कुणी असेल तर माझ्या शेजारी नको, अगदी समोर बसा. आरशात बघितल्यासारखं दिसतं आणि हात पटकन वळतो.