बंद बागेतली छाटणी

[दृश्य: पानगळ झालेला गुलाब, फांदी अगदी जवळून]

ही फांदी पाहा. करडी, सुरकुतलेली, एक पान नाही. मेली असंच कुणीही म्हणेल. आता नखानं सालीचा बारीक पापुद्रा काढा. आत हिरवं, ओलसर लागलं तर फांदी जिती आहे. तपकिरी, कोरडं निघालं आणि फांदी कडकन मोडली, तर गेली. पण शेंडा वाळला म्हणून झाड उपटू नये. हिरवं लागेपर्यंत खाली खाली यायचं आणि बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, अर्धा सेंटीमीटर वर तिरका काप द्यायचा.

‘द सीक्रेट गार्डन’ या १९११ च्या कादंबरीत डिकन हा मुलगा चाकूनं हीच परीक्षा घेतो. जित्या लाकडाला त्याच्या यॉर्कशर बोलीत शब्द आहे ‘विक’.

[दृश्य: विटांची भिंत, लाकडी दार]

लेखिका फ्रान्सिस हॉजसन बर्नेट १८९८ ते १९०७ केंटमधल्या ग्रेट मेथम हॉलमध्ये भाड्यानं राहत होत्या. (पुढे हे घर नव्यानं उभारलं एडविन ल्युटेन्स यांनी, नवी दिल्लीचे वास्तुकार तेच.) उंच भिंतींआडची जुनी, रान माजलेली बाग बर्नेटबाईंनी साफ करवून घेतली, शेकडो गुलाब लावले, आणि तिथेच बसून त्या लिहू लागल्या. अशा भिंती वारा अडवतात. दिवसा तापलेल्या विटा रात्री ऊब सोडतात. उन्हाकडे तोंड असलेल्या भिंतीला नाजूक वेलसुद्धा थंडी काढतो.

इथलाच एक रॉबिन पक्षी त्यांच्याशी धीट झाला. आपल्या चिरक पक्ष्याहून हा वेगळा, तांबूस छातीचा. माती उकरली की गांडुळं वर येतात, म्हणून तो माळ्याच्या पायांत घोटाळतो. कादंबरीत कुत्र्यानं उकरलेल्या मातीवर रॉबिन किडे शोधत उतरतो, आणि तिथेच मेरी या छोट्या नायिकेला बंद बागेची गाडलेली किल्ली दिसते. योगायोग खरा, पण पक्ष्याच्या सवयीला धरून.

मेरी हिंदुस्थानात वाढलेली. तिथे ती मातीच्या ढिगांत जास्वंदीची फुलं खोचून बाग-बाग खेळायची. मूळच नाही, तर फुलं माना टाकणारच. यॉर्कशरला मात्र ती हिरव्या कोंबांभोवतीचं गवत काढून त्यांना मोकळं करते.

[दृश्य: एकमेकांत गुंतलेल्या फांद्या]

बाग दहा वर्षं बंद होती, असं कथा सांगते. जाणता माळी इथे अडखळेल. इतकी वर्षं कात्री लागली नाही, तर फांद्या गुंततात, वाळकं लाकूड साचतं, फुलं फक्त वरच्या बारीक टोकांना येतात. डोळा भरलेला, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर (खुंटावर) कलम केलेला गुलाब असेल, तर खुंटाचे फुटवे जोर धरून कलमालाच दाबतात. डिकनलाही शंका येते: दहा वर्षांच्या आत इथे कुणीतरी छाटणी केली आहे.

केलीच होती. मालकिणीनं गुलाब सांभाळायला सांगितलं होतं, म्हणून तिच्या मृत्यूनंतर म्हातारा माळी बेन वेदरस्टाफ बागेत जायची मनाई मोडून, भिंतीवरून उतरून, वर्षातून एकदा कात्री चालवत राहिला. संधिवातानं शेवटची दोन वर्षं तेवढी चुकली.