विक्रमाचा सातबारा

पत्रिकेवर विषय छापलाय 'उत्तेजकांचे आरोप आणि विक्रमांचं भवितव्य'. तिकडे येतोच. पण आधी थोडं वाऱ्याबद्दल बोलू द्या. समोरच्या निम्म्या मंडळींनी ते माझ्याकडून मैदानावर ऐकलंय, त्यांनी तोवर चहाचं कुठवर आलं ते बघून यायला हरकत नाही.

१६ जुलै १९८८, इंडियानापोलिस. सोल ऑलिंपिकसाठी अमेरिकेची निवड स्पर्धा. महिलांची शंभर मीटर, उपांत्यपूर्व फेरीतली पहिली शर्यत. फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर पळाली आणि घड्याळात आले १०.४९ सेकंद. आधीचा विक्रम होता एव्हलिन ॲशफर्डचा, १०.७६. सत्तावीस शतांश सेकंद, एका दमात! शंभर मीटरचा विक्रम एकेका शतांशाने सरकतो हो, त्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. आणि वायुमापक काय सांगतो? शून्य. वारा नाहीच.

आता हे यंत्र कसं असतं, तर ट्रॅकच्या कडेला, अंतिम रेषेच्या पन्नास मीटर आधी, १.२२ मीटर उंचीवर बसवलेलं. पिस्तूल उडालं की दहा सेकंद वारा मोजायचा आणि सरासरी काढायची. पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपर्यंत वारा असेल तर चालतो. त्यापुढे गेला की शर्यत खरी, पण विक्रम बाद. त्या दिवशी शेजारीच तिहेरी उडी चालली होती. तिथला वायुमापक त्याच सुमारास ४.३ दाखवत होता. उपांत्यपूर्व फेरीच्याच तिसऱ्या शर्यतीत ट्रॅकवरचा आकडा ५.० आला. याच स्पर्धेत विली बँक्सने १८.२० मीटरची तिहेरी उडी मारली, तीही वाऱ्यामुळे विक्रमात धरली नाही. म्हणजे एकाच मैदानावर उडी मारणाऱ्याला वारा लागतोय आणि पळणाऱ्या बाईंच्या वाटेला झुळूकसुद्धा नाही!

आमच्या जिल्हा स्पर्धांना वायुमापक नसायचा. एक ज्येष्ठ पंच रुमाल धरून उभे राहायचे. रुमाल फडफडून हातातून सुटायला आला तरी म्हणायचे, "हवा नाही, घ्या पुढे." मुलगा त्यांच्याच शाळेचा असे. तक्रार केली तर म्हणत, तुम्ही वेळ बघा, हवेचं मी बघतो. त्यांचा माझ्यावरचा राग बरीच वर्षं टिकला. ते विक्रम मात्र माझ्या माहितीप्रमाणे अजून फळ्यावर आहेत. असो.

पुढे निकोलस लिनथॉर्न या संशोधकाने अभ्यास करून सांगितलं की त्या शर्यतीत पाठीमागचा वारा पाच ते सात मीटर असावा. तरी विक्रम आजही तिच्याच नावावर. मात्र ॲथलेटिक्सच्या आकडेवारीकारांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या वार्षिकात या १०.४९ पुढे १९९७ पासून एक शेरा येतो. आशय असा, की बहुधा जोरदार वाऱ्याची मदत, परंतु जागतिक विक्रम म्हणून मान्य. मंडळी, मला आज जे सांगायचंय ते सगळं या एका शेऱ्यात आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, विषयाकडे येऊ.

तुम्ही म्हणाल, फ्लोरेन्सवर संशय वाऱ्याचा नव्हताच, उत्तेजकांचा होता. होता. तिने आरोप फेटाळले, आणि ती एकाही चाचणीत सापडली नाही. १९९८ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, झोपेत गेली. आता ना ती उत्तर देऊ शकत, ना तिला कुणी विचारू शकत. मग १०.४९ चं करायचं काय?

माझी सूचना सोपी आहे. विक्रमाला सातबारा द्या. जमिनीवर कर्ज असेल तर तलाठी जमीन काढून घेत नाही, इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढवतो. नाव कायम, बोजाही दिसतो. फिटला की फेरफार होऊन उतरतो. गुन्हा सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर जिंकून सोलमध्ये उत्तेजक घेतल्याबद्दल सापडला, तिथली ९.७९ गेली. पुढे चौकशीत त्याने आधीचंही कबूल केलं, तेव्हा रोमची ९.८३ गेली. तिथे बोजा कसला, खातंच बंद. पण नुसत्या आरोपावर नाव खोडू नका.

का, ते आपल्याच सुनीता राणीवरून बघा. २००२, बुसान आशियाई स्पर्धा. १५०० मीटरचं सुवर्ण, ४ मिनिटं ६.०३ सेकंद. मग नँड्रोलोन हे उत्तेजक सापडलं म्हणून पदकं काढून घेतली. पुढे प्रयोगशाळेच्या कामातल्याच विसंगती बाहेर आल्या आणि पदकं परत मिळाली. तो राष्ट्रीय विक्रम २०२१ मध्ये वारंगलला हरमिलन बैन्सने मोडला, आणि हरमिलनच्या आईने त्याच बुसानमध्ये ८०० मीटरचं रौप्य जिंकलं होतं. घाईने कायमचं खोडलं असतं तर हरमिलनने कुणाचा विक्रम मोडला असता?

सरसकट पुसण्याचाही बेत झाला होता. २०१७ मध्ये युरोपच्या संघटनेने सुचवलं की २००५ पूर्वीचे विक्रम बाजूला काढा, कारण चाचणीचे नमुने जपून ठेवायला सुरुवातच तेव्हा झाली. ज्यांचे विक्रम त्यात जाणार होते ते ब्रिटनचे पॉला रॅडक्लिफ (मॅरेथॉन) आणि जोनाथन एडवर्ड्स (तिहेरी उडी) संतापले, आणि बरोबरच होतं. सुक्याबरोबर ओलंही जाळायला निघाले होते.

उलट टोक म्हणजे पूर्व जर्मनीची मारिटा कोख. ४०० मीटरचा जागतिक विक्रम, ४७.६० सेकंद, कॅनबेरा, १९८५. ती चाचणीत कधी सापडली नाही, तिला काही मान्य नाही. पण पूर्व जर्मनीचे कागद पुढे बाहेर आले, त्यात तिच्या नावासमोर ओरल-ट्युरिनाबोल या उत्तेजकाचे डोस आहेत. कारवाईची मुदत दहा वर्षं, ती केव्हाच टळली. त्याच देशाची इनेस गाइपेल, तिने १९८४ च्या क्लब रिलेच्या विक्रमातून आपलं नाव आपणहून काढायला लावलं. तिथे आता नावाच्या जागी चांदणी (*) आहे. अशा विक्रमांवर बोजा चढवायचा तो फक्त कागद पाहून, कुजबुजीवरून नाही, आणि खेळाडूचं म्हणणंही त्याच रकान्यात छापायचं.

माझ्या सूचनेत एक भोक आहे, ते आपणच बुजवा. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोला अमेरिकेची सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोन ४०० मीटर पळाली ४७.७८ मध्ये. अठरा शतांश कमी पडले. कोखच्या नावापुढे बोजा चढवून सिडनीला काय मिळतं? काही नाही, विक्रम कोखचाच राहतो. दोन याद्या करा म्हणणारे आहेत, पण मग दुसरी यादी कोणत्या वर्षापासून धरायची यावर पुन्हा तेच २०१७ चं भांडण.

अध्यक्ष उठून उभेच राहिलेत. प्रश्न विचारा, दोनच घेईन, आणि कृपया क्रिकेटबद्दल नको.